फक्त मुलांसाठी

मंगळवार, ५ एप्रिल २०१६, उदगीर

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी व्यापारी संघाचा टँकर मुलींच्या वसतिगृहासमोरून न थांबता निघून गेला. वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. पोस्टात अडतीस वर्षं काढलेल्या बाईचं घड्याळ पुढंही नसतं आणि मागंही नसतं.

फाटकाशी मुलींनी बादल्या, कळशा, तेलाचे डबे आणि एक बिनझाकणाचा कुकर ओळीनं मांडून ठेवला होता. शनिवारी वसतिगृहाची बोअर खरखरली आणि नुसती हवा ओकायला लागली, तेव्हापासून या मुली शेजारच्या दोन घरांच्या दयेवर आहेत. सुट्टीत नववीच्या मुलींना इंग्रजी शिकवायला मी तिथं जाते, म्हणून कडुलिंबाखाली अधीक्षिका तुळजाबाईंच्या खुर्चीवर बसले होते. टँकर गतिरोधकावर हळू झाला. मुली उठल्या. टँकर गतिरोधक ओलांडून सरळ रेल्वे फाटकाकडं गेला. तिकडं मुलांचं वसतिगृह आहे.

परत येताना मी छत्री आडवी धरून रस्त्यात उभी राहिले.

"सटवाजी, डोळे फुटले का तुझे? या मुली दिसल्या नाहीत?"

सटवाजी हदगावकडचा. ओरडलं तरी त्याचा आवाज चढत नाही, याचाच मला राग येतो. तो खाली उतरला. "दिसल्या की मॅडम. पन मला ताकीद हाय. बोर्डावर काय लिवलंय ते बगा."

टँकरच्या पोटावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं आहे : फक्त मुलांसाठी.

"मग?"

"मंग ह्या पोरी हायत."

मी त्याला गाढव म्हणाले. तो "हाव मॅडम" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

तुळजाबाई आतून ओरडल्या, "बाई, उन्हात उभ्या राहू नका. भोवळ आली तर तोंडावर मारायला पाणी न्हाई!" मुली हसल्या. मला हसू आलं नाही.

खरं तर हे सगळं आधीच ठरलेलं होतं. फेब्रुवारीत नांदेडला मुंबईच्या एका संस्थेनं दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. आपत्ती आली की मुलाबाळांचं काय, आणि खासगी व्यापाऱ्यांनी त्यात काय करावं, हा विषय. जेवण उत्तम होतं. पाणी सीलबंद बाटल्यांतलं होतं. पण मुद्दा मला पटला, आणि अजून पटतो : संकट दारात आल्यावर दारोदार फिरायचं नाही. डाळ मिलवाल्यानं डाळ, जारवाल्यानं जार, टँकरवाल्यानं टँकर, कोणी कोणासाठी काय द्यायचं ते आधी ठरवून ठेवायचं. उदगीरच्या व्यापारी संघानं माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या, आणि मला सचिव केलं. मराठी लिहिता येणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

आधी ठरवलं आणि तरी हे झालं. याचा जाब कोणीतरी दिलाच पाहिजे.

बुधवार, ६ एप्रिल

पंचाक्षरी माझा धाकटा भाऊ. डाळ मिलचा मालक आणि व्यापारी संघाचा अध्यक्ष. तो खाली राहतो, मी वरच्या मजल्यावर. आज तो विभूती लावून पूजेवरून उठतो न उठतो तोच मी समोर उभी राहिले.

"अक्का, सकाळी सकाळी काय करलालीस?"

"जाब विचारते आहे."

त्यानं शांतपणे सांगितलं ते असं. पहिल्याच दिवशी चौकात हॉटेलवाल्यांनी टँकर अडवून पिंपं भरून घेतली. म्हणून संघानं सटवाजीला ताकीद दिली : बोर्डावर लिहिलंय त्यांच्याशिवाय कोणाला तांब्याभर द्यायचं नाही. दिलंस तर गाडीवरून खाली.

"ताकीद बरोबर आहे," मी म्हणाले. "अक्कल कमी आहे."

"मी काय म्हणलो होतो? 'लेकरांसाठी' लिव म्हणलो होतो. तू खोडलीस."

"लेकरं गल्लीत असतात, पंचू. पाटीवर मुलं असतात."

"मंग बस आता."

मुलं म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही, हे चौथीच्या पोराला कळतं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं आम्हाला शिकवलं होतं की शब्द नेमका असावा आणि सभ्य असावा. 'लेकरं' ऐकलं की मला नाक गळणारं, चड्डी सुटलेलं काहीतरी दिसतं. मुंबईच्या पाहुण्यांसमोर तसला शब्द टँकरवर रंगवायचा? हे मी पंचाक्षरीला सांगितलं. तो म्हणाला, "टँकर व्याकरणावर चालत न्हाई अक्का, डिझेलवर चालतो."

मग म्हणाला, "सांगतो सटवाजीला. उद्यापासून थांबंल."

"सांगू नकोस. ठराव कर. लिही, सही कर, शिक्का मार."

"बाजारात शब्द चालतो."

"म्हणूनच बाजार असा आहे."

दुपारी मी तालुक्याच्या साहेबांना पत्र लिहिलं. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. भाषा कडक ठेवली. एक वाक्य फार चांगलं उतरलं आहे, इथं उतरवून ठेवते : "जिथे प्यायला पाण्याचा थेंब नाही अशा वास्तूत मुली ठेवणे ही शासनाने लाज बाळगावी अशी गोष्ट आहे." खाली लिहिलं, लेखी उत्तर अपेक्षित.

पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं पाकीट उलटं चिकटवलं. मी तिथंच सोडवून सरळ चिकटवायला लावलं.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा

टँकर कालपासून मुलींकडं थांबतो. सटवाजी पाइप सोडतो आणि तोंड दुसरीकडं करून बिडी ओढत उभा राहतो, जणू पाणी आपलं आपण सांडतंय. मुली न्हाल्या. केस मोकळे सोडून ओट्यावर बसल्या होत्या, सगळीकडं शिकेकाईचा वास.

म्हणजे काम झालं. पण कागदावर काहीच नाही, त्यामुळं माझ्या दृष्टीनं काहीच झालेलं नाही.

आज इंग्रजीच्या तासाला मुद्रिकानं मला चांगलंच पकडलं. ही जळकोटकडच्या एका खेड्यातली. चौदा वर्षांची, काटकी, जीभ माझ्यापेक्षा लांब. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, चिल्ड्रन म्हंजे पोरंपोरी दोनी ना?"

"दोन्ही."

"मंग आमाला परवापर्यंत इंग्रजीत तहान लागायला पायजे होती."

वर्ग कोसळला. तुळजाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी मुद्रिकाला बाकावर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली आणि वरूनच खिडकीतून टँकर येतोय का बघू लागली.

बुधवार, १३ एप्रिल

काल लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आपल्या संघाचे निम्मे सभासद जीप करून बघायला गेले आणि डब्यांशेजारी उभं राहून फोटो काढून आले. रेल्वे आली, डबे आले, पाणी आलं, यात यांचं कर्तृत्व कोणतं ते मला कळलेलं नाही.

आज संध्याकाळी संघाची बैठक होती. 'मुलींच्या वसतिगृहाचा टँकरच्या फेरीत समावेश' हा माझा विषय शेवटचा. त्याच्या आधी 'उदगीर जिल्हा'. संघातले लोक तेच, जिल्ह्याच्या मागणीच्या समितीतले लोक तेच, खुर्च्याही त्याच. कलेक्टर कचेरी कुठं व्हावी यावर इतका वाद झाला की जारवाले ईश्वरप्पा रागानं उठून गेले, कारण जागा त्यांच्या शेताजवळ ठरेना.

मी म्हणाले, "जिल्हा व्हायचा तेव्हा होईल. मुलींचं एक वाक्य लिहून घ्या."

एकजण म्हणाला, "मॅडम, जिल्हा झाला की पानी आपोआप येतंय."

"लातूर जिल्हाच आहे," मी म्हणाले. "तिथं पाणी रेल्वेनं आलं."

हशा झाला, चहा झाला, बैठक संपली. माझा विषय राहिला. पंचाक्षरी घरी येताना म्हणाला, "मिळतंय ना पानी पोरींला? मंग कागदाचं काय घेऊन बसलीस?"

मी जिना चढताना तीनदा थांबले. गुडघे आता माझं ऐकत नाहीत. या घरात कोणीच ऐकत नाही.

शनिवार, १६ एप्रिल

ऊन. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घातलं, दुसरं पाणी त्याला कुणी देत नाही.

तुळजाबाईंनी आज एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवते. मुद्रिकाचा बाप ग्यानोबा ऊसतोडीला जातो. यंदा कारखाना लवकर बंद झाला, तो घरी आला आहे. शेतात काही नाही. मुलीला स्थळ आलं आहे. पण त्यानं तुळजाबाईंना सांगितलं आहे, "शिकते तोवर शिकू द्या. ती वसतिगृहात हाय तोवर माझ्यावर कोणी जोर करत न्हाई. घरी आली की मग माझ्या हातात न्हाई." भावकी आखिती म्हणते, म्हणजे अक्षय तृतीया.

म्हणून दहावीचे जादा तास सुट्टीत लावून तुळजाबाईंनी मुली इथंच ठेवल्या आहेत. मला वाटलं होतं त्यांना अभ्यासाची आवड आहे.

सोमवार, १८ एप्रिल

उत्तर आलं! रजिस्टर पत्राला बाराव्या दिवशी लेखी उत्तर. पाकीट बघूनच बरं वाटलं. शिक्का स्वच्छ, पत्ता शुद्ध. मी चहा करून घेतला, चष्मा पुसला आणि मग फोडलं.

"आपल्या दि. ६ च्या तक्रारीस अनुसरून... सदर वास्तूत पिण्याच्या पाण्याची सोय नसल्याचे निदर्शनास आले असून... विद्यार्थिनींच्या आरोग्याच्या दृष्टीने वसतिगृह दि. २० पासून पुढील आदेशापर्यंत रिकामे करण्यात यावे."

माझं ते वाक्य जसंच्या तसं छापलं आहे. अवतरणचिन्हांत.

चहा तसाच निवला.

बुधवार, २० एप्रिल

काल दिवसभर कचेरीत बसले. साहेब तरुण आहे, शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड.

"पण आता पाणी येतं आहे," मी सांगितलं. "सात तारखेपासून रोज येतं."

"कुठून येतं मॅडम?"

"व्यापारी संघाच्या टँकरनं."

"छानच. लेखी आहे का? ठराव, हमीपत्र, काही?"

मी पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली.

"माझ्या फाइलमध्ये तुमचं पत्र आहे मॅडम. पाणी नाही असं लिहिलेलं. पाणी आहे असं लिहिलेलं काहीच नाही. उद्या एखादी मुलगी आजारी पडली तर मी काय दाखवू?"

माणूस उद्धट आहे. त्याच्या वरिष्ठांना कळवायला हवं.

आज मुली गेल्या. पत्र्याच्या पेट्या, गाद्यांच्या वळकट्या, आणि जीपवाले ओरडतायत, "जळकोट, जळकोट, बसा लौकर!" तुळजाबाई प्रत्येकीला एकच सांगत होत्या, पुस्तकं वर ठेव, उंदीर खातील. ग्यानोबा मुद्रिकाला न्यायला आला होता. वाळलेला माणूस, खांद्यावर टॉवेल. माझ्याकडं बघून नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमी लय केलं पोरींसाठी बाई."

टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुद्रिका जीपच्या टपावर चढून पेटी बांधत होती. मी विचारलं, "स्पेलिंगं पाठ करशील ना?" ती वरून म्हणाली, "कोणासाठी मॅडम?"

रविवार, २४ एप्रिल

काही नाही. पाठ धरली आहे. भावजयीनं शेक दिला. दोघींनी एकमेकींशी बोलणं टाळलं, ते बरं वाटलं.

टँकर रोज मुलींच्या फाटकासमोरून जातो. सटवाजी आता थांबत नाही. थांबून करणार काय?

बुधवार, २७ एप्रिल

आज जे कळलं ते संतापजनक आहे आणि मी आनंदात आहे. दोन्ही खरं आहे.

सकाळी तुळजाबाई मिलच्या दारात झाडू घेऊन उभ्या दिसल्या. "इथं काय करताय?" तर म्हणाल्या, "मालकांनी सांगितलं न्हाई का तुम्हाला?"

पंचाक्षरीची डाळ मिल फेब्रुवारीपासून बंद आहे. यंदा तूरच नाही, तर भरडणार काय. गोदाम रिकामं. मिलच्या बोअरला मात्र अजून पाणी आहे. पंचाक्षरीनं गोदाम झाडून घेतलं, पंखे लावले, मोरीच्या बाजूला ताडपत्र्या बांधल्या, आणि तुळजाबाईंकडून नंबर घेऊन तीन दिवस एकेका बापाला फोन करत बसला : पोरीला पाठव, पाणी माझं, जेवण माझं, जबाबदारी माझी. डाळ ईश्वरप्पांच्या शेजाऱ्याकडून, जार खुद्द ईश्वरप्पांकडून. रुसलेल्या ईश्वरप्पांना त्यानं कसं मनवलं ते विचारलं. म्हणाला, "घरी जाऊन जेवलो."

नांदेडला दोन दिवस हेच तर शिकवलं होतं. फक्त त्यात सचिवाला सांगायचं असतं.

"मला का कळवलं नाहीस?"

तो माझ्याकडं बघेना. "अक्का, कागद केला की कोणीतरी बंद करायला येतो."

"म्हणजे माझ्यामुळं झालं, असं म्हणायचंय तुला?"

"मी तसं म्हणलो का?"

म्हणाला नाही. म्हणून मीही पुढं विचारलं नाही.

मंगळवार, ३ मे

मुली येताहेत. गोदामात तुरीच्या भुशाचा वास आहे, मुली शिंकतात आणि हसतात. पोत्यांच्या थप्प्या लावायच्या ओट्यावर मी वर्ग घेते. आवाज घुमतो, त्यामुळं चुकीचा उच्चार दोनदा ऐकावा लागतो.

जवळपास सगळ्या आल्या. मुद्रिका आली नाही.

पंचाक्षरीनं ग्यानोबाला पुन्हा फोन केला. ग्यानोबा म्हणाला, "पाठवतो मालक, दोन-चार दिसांत."

"शब्द दिलाय त्यानं," पंचाक्षरी म्हणाला.

"कोणाला?"

"मला."

"आणि भावकीला काय दिलंय?"

तो मिशी चावत बसला. लहानपणी गणित चुकलं की असाच बसायचा, तेव्हा मिशी नव्हती एवढंच.

गुरुवार, ५ मे

सटवाजी आज गोदामावर पाणी बघायला आला होता. जाता जाता माझ्याजवळ घुटमळला. त्या एप्रिलच्या प्रसंगानंतर तो माझ्याशी आपणहून बोलला नव्हता.

"मॅडम, एक सांगू का? रागावचाल तुमी."

"रागावायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"त्या मुद्रिकेच्या गावाला काल सरकारी टँकरवर बदली म्हनून गेलतो. ग्यानोबाच्या दारापुढं चर खणून राहिले. कढया ठेवायला."

मला क्षणभर कळलं नाही. लग्नाच्या स्वयंपाकाला असा लांब चर खणतात, वर ओळीनं कढया बसतात.

"आन् अजून एक," तो म्हणाला. "त्या भावकीनं आपलाच टँकर भाड्यानं सांगितलाय. रविवारचा, सोमवारी आखिती म्हनून. मालकांनी हाव म्हणलंय. कोनाचं लगीन ते मालकांला ठाव न्हाई."

मी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतःच्या हातानं चहा दिला. त्यानं तो बशीत ओतून, फुंकून, माझ्याकडं न बघता प्याला.

शुक्रवार, ६ मे

सकाळी जीपनं त्या गावाच्या ग्रामसेवकाकडं गेले. बालविवाह थांबवण्याचं काम कायद्यानं त्याचंच आहे. भला माणूस, थकलेला. तीन गावं त्याच्या गळ्यात.

"मॅडम, तोंडी मला काही करता येत न्हाई. लेखी द्या, मी आत्ता पोलिसांना कळवतो. पन एक सांगतो. गाडी गावात शिरायच्या आत त्यांना कळतं. मागच्या साली एक पोरगी अशीच मागच्या दारानं तेलंगणात नेली. पुन्हा दिसली न्हाई."

त्यानं कागद पुढं सरकवला. मी पेन काढलं. "माननीय महोदय" लिहिलं आणि हात थांबला. मुंग्या आल्या असाव्यात. उन्हातून आलं की हाताला असं होतं. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "उद्या देते."

मी आयुष्यात कधी कोणाला "उद्या देते" म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर पंचाक्षरीला सगळं सांगितलं. लग्न मुद्रिकाचं आहे हे ऐकल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं.

"टँकर देऊ नकोस," मी म्हणाले. "या दुष्काळात टँकरशिवाय लग्न होत नाही. ना स्वयंपाक, ना पंगत."

"अक्का, लग्नाला आन् मयताला पानी न्हाई म्हणायचं नसतंय. आपल्या बाजारात आजपर्यंत कोणी म्हणलं न्हाई. आणि मी शब्द दिलाय."

"लग्नाला दिलायस. हे लग्न नाही. चौदा वर्षांची आहे ती."

"मी न्हाई म्हणलो तर ते दुसऱ्याचा आणतील."

"तू अध्यक्ष आहेस. टँकरवाले सगळे तुझ्या संघात आहेत. नांदेडला हात वर करून काय म्हणाला होतात सगळे? संकटात मुलांच्या पाठीशी उभं राहू. हे संकट नाही तर काय आहे?"

मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं माझ्या हातावर टाकला आणि टॉवेलखाली माझी बोटं धरली. पूर्वी बाजारात अडते असेच सौदा करायचे, चारचौघांत बोलायचं नाही, बोटं दाबून भाव सांगायचा. आमचे अप्पाही करायचे. पंचाक्षरीनं माझं एक बोट दाबलं, मग दुसरं, मग सगळी मूठ आवळून धरली. मला ती भाषा येत नाही. मी विचारलं, "याचा अर्थ काय?"

"झालं," तो म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून फोन घेऊन अंगणात गेला. खिडकीतून आवाज येत होता. एकामागून एक टँकरवाल्यांची नावं. कन्नडात, मराठीत, मध्येच शिवी.

शनिवार, ७ मे

सकाळी पंचाक्षरी म्हणाला की तालुक्यातला कोणीही दुसरा टँकर त्या दारात जाणार नाही. आपला जाईल. शब्द दिलाय म्हणून जाईल. पण तिथं काय करायचं ते मी सांगायचं.

"लिहून देऊ?" मी विचारलं.

तो पहिल्यांदाच हसला. "दे. तुझ्याशिवाय कोण लिवणार."

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पहिल्यात कायद्याची कलमं होती. दुसऱ्यात लाज, अब्रू, शासन असं बरंच काही. तिसरं वाचून मलाच माझा आवाज ऐकू आला. चौथं तुळजाबाईंना वाचून दाखवलं, ग्यानोबाला कळेल का म्हणून. "कळंल," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत निघून गेल्या. पत्र सटवाजीजवळ दिलं आहे, उद्या टँकरबरोबर जाईल. नक्कल इथं ठेवते.

*

ग्यानोबा,

मी सिद्धम्मा, डाळ मिलवाल्या पंचाक्षरींची थोरली बहीण, मुद्रिकाला इंग्रजी शिकवते ती. हे पत्र सटवाजी वाचून दाखवेल, पण मुद्रिका घरात असेल तर तिलाच वाचायला द्या. तिचं वाचन त्याच्यापेक्षा चांगलं आहे.

वसतिगृह बंद झालं म्हणून ती घरी आली. तुम्ही मला आधी सांगितलं होतं की ती घरी आली की तुमच्या हातात काही राहणार नाही. तुळजाबाईंना सांगितलंत, पण ते मलाच सांगितल्यासारखं होतं. आता मिलमध्ये जागा आहे, पाणी आहे, तिची गादी अंथरलेली आहे. तेव्हा ती घरी असण्याचं कारण उरलेलं नाही.

टँकर भरून तुमच्या दारात उभा आहे. तो तुमच्या भावकीनं सांगितला आणि माझ्या भावानं शब्द दिला, म्हणून आला आहे. सोमवारच्या कार्यासाठी त्यातलं पाणी मिळणार नाही. तालुक्यातला दुसरा कोणताही टँकर येणार नाही. पण मुद्रिका गाडीत बसली, तर सटवाजी सगळं पाणी तुमच्या गावाच्या हौदात सोडेल. भावकीला सांगा, तुमच्या पोरीमुळं गावाला पाणी मिळालं. हे त्यांच्या तोंडावर सांगायला मीही येऊ शकते, गुडघे दुखत असले तरी.

ग्रामसेवकाकडं द्यायच्या तक्रारीचा कागद माझ्या पिशवीत आहे. तो मला द्यायचा नाही. माझ्या कागदांनी या वर्षी पुरेसं नुकसान केलं आहे, असं लोक म्हणतात. पण वेळ टळली तर मी तो देईन.

भावकी काय म्हणते ते मला नको. तुमचा अंगठा नको. "पाठवतो" असा निरोपही नको. मुद्रिकाला स्वतःला काय करायचं आहे, ते तिच्या हस्ताक्षरात, मराठीत किंवा इंग्रजीत, चुका असल्या तरी चालतील, आज रविवार दिनांक ८ मे रोजी संध्याकाळी सहाच्या आत सटवाजीच्या हाती लेखी द्यावं.